मामांची हरकत

दिवाणी कोर्टांत तुंबलेल्या खटल्यांचं काय करायचं, यावर मोठमोठी माणसं डोकं खाजवत बसलेली असतात. माझ्याकडं त्यावर साधा उपाय आहे. माझ्या मामेसासऱ्यांसारखा एकेक माणूस गावोगाव नेमून टाकावा. वर्षभरात वकील मंडळी काळे कोट खुंटीला टांगून रसवंत्या टाकतील. खटला उभा राहायचा तर ‘हे माझं’ म्हणणारा एक आणि ‘तुझं कसं, माझं’ म्हणणारा दुसरा, असे दोघं लागतात. मामा यांतले पहिलेही नाहीत आणि दुसरेही नाहीत. त्या दोघांना घसा कोरडा पडेल म्हणून पाण्याचा तांब्या घेऊन उभा राहिलेला तिसरा, ते मामा. त्यांच्या वस्तूवर कुणी हक्क सांगितला की त्यांचा चेहरा खुलतो. लेकीला चांगलं स्थळ सांगून आल्यावर बापाचा खुलतो तसा. वर म्हणणार, “न्या की. आपली काय हरकत न्हाय.”

मी पडलो याच्या अगदी उलट. धाराशिवात शिक्षक आहे, आणि दोन रुपये सुट्टे परत मिळावेत म्हणून कंडक्टरच्या मागं थेट डेपोपर्यंत गेलेला माणूस आहे. बायको म्हणते, तुम्ही झोपेतसुद्धा उशीवरून भांडता. त्यामुळं मामांच्या सहवासात माझं रक्त सतत उकळत असतं. एकदा तुळजापूरच्या स्टँडवर आम्ही दोघं गाडीला उभे होतो. खिडकीतून टॉवेल टाकून जागा धरायची हा आमच्याकडचा कायदा आहे. टॉवेल पडला की खरेदीखत झालं. मामांनी टॉवेल टाकला. आम्ही गर्दीतून आत चढेपर्यंत त्या जागेवर एक धिप्पाड गृहस्थ ऐसपैस बसले होते आणि आमच्या टॉवेलनं मानेचा घाम पुसत होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, “टॉवेल कुणाचा हाय ओ हा?” मामा माझा हात दाबून म्हणाले, “असंल कुणाचा तरी. पुसा तुमी.” धाराशिव येईपर्यंत आम्ही उभे होतो, आणि उतरताना टॉवेलही त्या गृहस्थांच्याच खांद्यावर गेला.

मामा तेरचे. तेर म्हणजे जिथं घराचा पाया खणायला घ्यावा तर सातवाहनांच्या काळचं मडकं वर येतं असलं गाव. पाऊस पडून गेला की पोरंसोरं रानातून जुने मणी, खापरं, एखादं नाणं वेचून आणतात. मामांच्या रानातही नांगराला एकदा एक अखंड रांजण लागला. दुसरा कुणी असता तर त्यानं फोटो काढून गावभर मिरवला असता. मामांनी तो नीट पुसला, आत डोकावून बघितलं आणि होता तसा पुन्हा पुरून टाकला. मी कपाळाला हात लावला, तर मला समजावू लागले, “ज्यानं ठिवलाय त्यो येईल की न्यायाला. आला आन् सापडला न्हाय तर?” त्यानं ठेवून दोन हजार वर्षं झाली मामा, असं मी म्हणालो. त्यावर ते म्हणाले, “काय अडचण आली आसंल.”

त्याच रानाच्या कडेला एक कडुलिंबाचं झाड आहे. माझ्या लग्नात ते मामांच्या रानात मधोमध होतं. शेजारचा शेतकरी दर उन्हाळ्यात बांध थोडा थोडा अलीकडं घेत गेला, तसं ते झाड आधी बांधाच्या जवळ आलं, मग बांधावर आलं आणि आता शेजाऱ्याच्या रानात सुखानं उभं आहे. झाडं चालत नाहीत असं मी वर्गात मुलांना शिकवतो, पण शिकवताना मला ते झाड आठवतं. मी मोजणी मागवा म्हणून मामांच्या मागं लागलो. ते म्हणाले, “झाड तिकडं गेलं तरी सकाळची सावली आपल्याकडंच पडती की ओ, जावईबापू.” आणि येरमाळ्याला येडेश्वरीच्या देवळाबाहेर तर मी डोळ्यांनी पाहिलं. एक जण मामांच्या नव्या चपला पायात घालत होता. मामा त्याच्याकडं लगबगीनं गेले. चला, एकदाचा पीळ आला, असं वाटून मी बाह्या सरसावल्या. मामा त्याला म्हणाले, “डाव्या चपलेचा आंगठा ढिला हाय, जपून चाला. स्टँडापाशी चांभार बसतो, दोन टाकं घालून घ्या.”

असल्या माणसाचा संसार कसा चालला असेल, असं कुणालाही वाटेल. तो चालला मामींमुळं. मामी उमरग्याकडच्या, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या गावच्या. त्यांचा संसार मराठीत आणि भांडण कानडीत. त्यांनी दारातून “एन्री!”, म्हणजे ‘अहो!’, अशी हाक घातली की मामा हातातलं काम तिथंच ठेवत. पुढच्या कानडीतलं त्यांना फार काही कळत नसे, पण सूर कळे. दूधवाल्याचं माप, किराणावाल्याचा काटा, पंचायतीचा नळ, असल्या सगळ्या आघाड्या मामींनी एकटीनं लढवल्या. कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे ओढून त्या घराबाहेर पडल्या की समोरचा आधीच निम्मा भाव उतरवत असे. मूलबाळ झालं नाही. माझ्या बायकोलाच त्यांनी लेकीसारखं वाढवलं. तिचे लाड मामींनी केले, आणि त्या लाडांचा हिशेब विचारायला कुणी आलंच तर मामांची हरकत नव्हती.

मामी कडक भाकऱ्या करत. ज्वारीची पापडासारखी पातळ भाकरी थापायची, तव्यावर भाजायची आणि मंद आचेवर वाळवायची, महिनोन्महिने टिकते. सुरुवातीला घरापुरत्या, मग गल्लीपुरत्या, मग सोलापूरचा एक व्यापारी पेट्याच्या पेट्या उचलू लागला. मामींचा त्याच्याशी ठराव होता की पैसे तुझ्याकडंच साठू दे, मला लागतील तेव्हा एकदम नेईन. त्यांच्या मनात गिरणी होती. गावातला एक गिरणीवाला लेकाकडं पुण्याला जायला निघाला होता आणि चालू गिरणी विकायची म्हणत होता. मामींनी त्याला शब्द दिला होता, त्यानंही थोडे दिवस थांबतो म्हणून शब्द दिला होता. ऐन वेळी मामींचा पाय मुरगळला. नाहीतर मामांच्या हातात त्यांनी कोथिंबिरीची जुडीसुद्धा सोपवली नसती. पैसे आणायला सोलापूरला मामा गेले.

निवडणुकीचे दिवस होते. असल्या दिवसांत रोकड घेऊन फिरणाऱ्याकडं कागद लागतो; पन्नास हजारांच्या वर रक्कम असली आणि ती कुठून आली, कुठं चालली ते सांगता आलं नाही, तर पथक ती जप्त करतं. मामांच्या पिशवीत त्याच्या दुप्पट रक्कम होती आणि कागद म्हणाल तर चटणीच्या पुडीला गुंडाळलेला. सोलापूरकडून येताना आमच्या जिल्ह्याची हद्द तामलवाडीला लागते. तिथं नाका होता. एसटी थांबवली आणि सगळ्यांना आपापलं सामान घेऊन खाली उतरायला सांगितलं. मामांनी शेजारच्या म्हातारीचं बोचकं उचललं, पुढच्या बाईची दुरडी उचलली, एकाची सायकलची ट्यूबही गळ्यात घातली आणि सगळ्यांना हात देत खाली उतरले. त्यांची स्वतःची पिशवी तेवढी वर फळीवर राहिली.

पथकातल्या साहेबांनी पिशवी बाहेर आणून उघडली. नोटा बघून सगळी एसटी पुढं सरकली. “कुणाची हाय ही?” कुणी बोलेना. साहेब एकेकाला विचारत मामांपाशी आले. “बाबा, तुमची का?” मामा म्हणाले, “माझी न्हाय.” यात खोटं काहीच नव्हतं, पैसे मामींचे होते. “मग कुणाची, माहिती हाय का?” आणि इथं मामांची जीभ टाळ्याला चिकटली. आमच्याकडच्या जुन्या माणसांत बायको नवऱ्याचं नाव घेत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण नवराही चारचौघांत बायकोचं नाव घेत नाही. कुणी ‘अमक्याची आई’ म्हणून निभावतो. मामांना ती पळवाटही नव्हती. घरात ते खाकरून, नाहीतर ‘ऐकलं का’ म्हणून भागवत. आता एवढ्या परक्या माणसांपुढं, रस्त्यावर उभं राहून, बाईमाणसाचं नाव घ्यायचं? “आमच्या... म्हंजे घरात...” एवढं बोलून ते लाजले. साहेबांना अजून निम्मी एसटी तपासायची होती. ते पुढं गेले.

इथवर जे झालं ते एखाद्या भोळ्या माणसाच्या हातून होऊ शकतं. पुढचं मात्र मामांनीच करावं. पंचनाम्याला दोन पंच पाहिजे होते. कंडक्टरनं सांगितलं, हे बाबा सज्जन दिसतात, मघापासून सगळ्यांची ओझी उतरवायलेत. साहेबांनी विचारलं, पंच म्हणून सही कराल का? मामा म्हणाले, “करतो की. आपली काय हरकत न्हाय.” म्हणजे सदरहू पिशवीवर कुणीही मालकी सांगितली नाही, या मजकुराखाली त्या पिशवीच्या मालकिणीच्या नवऱ्यानं साक्षीदार म्हणून सही केली. पिशवीला सील करताना दोरी धरायलाही बोट यांचंच. सगळं झाल्यावर साहेबांनी त्यांना चहा पाजला, आणि मामा रिकाम्या हातांनी तेरला आले.

मला फोन आला तो बायकोचा. आम्ही तसेच तेरला गेलो. मामा ओट्यावर शांत बसले होते. मला म्हणाले, “काळजी करू नका, जावईबापू. पैसं सरकारपाशी हायत. तिथं बंदूकवाला हाय राखायला. आपल्या घरात कोण हाय?” सरकार स्वतःच चौकशी करून, पत्ता काढून, पैसे घरी आणून देईल अशी त्यांची पक्की समजूत होती. मी आत गेलो. पाय बांधून बसलेल्या मामी भिंतीकडं बघत होत्या. मला वाटलं होतं आज कानडी भाषेचा पूर आलेला असेल. पण मामी गप्प होत्या. चूल पेटली नव्हती, तवा उपडा पडला होता. “गिरणी घ्यायची व्हती ओ,” एवढंच त्या माझ्या बायकोला म्हणाल्या. पुढचे कित्येक दिवस त्यांनी मामांना एकदाही ‘एन्री’ म्हणून हाक मारली नाही. मामा मधूनच अंगणातून आत येऊन उभे राहायचे, शिव्या मिळतील म्हणून वाट बघायचे आणि तसेच परत जायचे. मला त्यांचा राग यायचा आणि ते तसे उभे राहिलेले बघून कीवही यायची.

माझा एक सहकारी निवडणुकीच्या कामावर होता. त्याच्याकडून कळलं की अशा रकमांसाठी जिल्ह्याला समिती असते, तिच्यापुढं जाऊन हक्क सांगायचा, पुरावा द्यायचा. नोटीसही निघाली होती, तामलवाडीत जप्त केलेल्या अमुक रकमेवर कुणाचा हक्क असल्यास मुदतीत हजर राहावं, अन्यथा ती सरकारजमा करण्यात येईल. मुदत संपत आली होती. गिरणीवाल्याकडं तर दुसरं गिऱ्हाईक येऊन बसलं होतं. मी मामांना समोर बसवून पढवलं. साहेब विचारतील पैसे कुणाचे, तुम्ही म्हणायचं माझे. एवढं एकच वाक्य. मामा म्हणाले, “पर माझं न्हायत की.” मी म्हणालो, मामा, निदान एकदा म्हणा. त्यांनी म्हणून बघितलं. ‘मा’पर्यंत आलं, पुढचं आलं नाही.

सुनावणीला आम्ही सगळे गेलो. मामी लंगडत आल्या आणि दाराजवळच्या बाकावर बसल्या. सोलापूरच्या व्यापाऱ्यानं त्याच्या हिशेबाचे कागद दिले होते, ते मी पुढं केले. समितीच्या मोठ्या साहेबांनी ते बघितले, मग पंचनामा बघितला, मग चष्म्यावरून मामांकडं बघितलं. “ही सही तुमची?”

“व्हय साहेब, माझीच.”

“वर काय लिहिलंय माहीत आहे? पिशवी कुणाचीही नाही, असं तुम्हीच सांगितलंय.”

“म्या म्हणलो, माझी न्हाय. तवाबी माझी नव्हती आन् आताबी न्हाय.”

मी कपाळावर हात मारला. साहेब आमच्याकडं बघून वैतागून म्हणाले, “मग इथं आलात कशाला? रक्कम सरकारजमा करायला तुमची काही हरकत नाही, असंच लिहून घेऊ ना?”

मी डोळे मिटून घेतले. या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं. टॉवेलवाल्याला, चपलावाल्याला, बांधवाल्याला, साऱ्या जगाला ठाऊक होतं. मामांनी तोंड उघडलं आणि सवयीनं मागं वळून बघितलं. बाकावर मामी पदर घट्ट आवळून बसल्या होत्या. त्या मामांकडं बघतही नव्हत्या.

“हाय,” मामा म्हणाले.

“काय आहे?”

“हरकत. हरकत हाय, साहेब.” मामा थांबले नाहीत. “माझं काय असतं तर म्या आलो नसतो. घिऊन टाका म्हणलो असतो. पर हे पैसं बेवारस न्हायत. म्या एक भाकरी कदी थापली न्हाय. पहाटं उठून पीठ म्या मळलं न्हाय. बोटं भाजल्यात ती तिची भाजल्यात, माझी बगा, काय झालंय का?” आणि त्यांनी आपले दोन्ही पंजे साहेबांच्या टेबलावर पसरले. “म्या निस्ता पिशवी उचलणारा. ती बी नीट उचलली न्हाय.”

साहेबांचा सूर उतरला. “बरं. मग मालकाचं नाव सांगा. मला लिहून घ्यावं लागेल.”

मामांचे कान लाल झाले. त्यांनी छताकडं बघितलं, टेबलाकडं बघितलं, माझ्याकडंही एकदा आशेनं बघितलं. मी मुद्दामच गप्प राहिलो. मग ते हळूच म्हणाले, “शिवकांता.”

“मोठ्यानं सांगा. ऐकू नाही आलं.”

“शिवकांता!”

एवढ्या मोठ्यानं, की बाहेरच्या पॅसेजमधला शिपाई आत डोकावला. आणि दाराजवळच्या बाकावरून, मान खाली घालून, मामींनी ओ दिली.

तिथं कुणीही हसलं नाही. मोठे साहेब जरा वेळ पेनाचं टोपण शोधत राहिले. मामींना पुढं बोलावलं, व्यापाऱ्याला फोन लावला, पुन्हा एकदा सगळी चौकशी झाली, आणि असली रक्कम कागदाशिवाय घेऊन फिरू नये म्हणून मामांना रीतसर समज देण्यात आली. पैसे त्याच दिवशी मिळाले नाहीत. कामाला लागतो तेवढा वेळ लागलाच. तोवर दुसऱ्या गिऱ्हाइकाला मामींनी कानडीतून पिटाळून लावलं होतं. परतीच्या एसटीत त्या मामांशी काही बोलल्या नाहीत, पण तेर जवळ आल्यावर पिशवीतून एक टॉवेल काढून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि हातातून सोडला तर बघा म्हणाल्या.

गिरणी आली. घराला लागून पत्र्याच्या शेडमध्ये बसवली. पीठ मामी बघतात, पट्टा आणि मोटार मामा. आणि तेव्हापासून मामांना नवीनच खोड लागली आहे. दिवसभर ते नाव घेतात. शिवकांता, दळण आलंय. शिवकांता, लाईट गेली. शिवकांता, कोण आलंय बग. काही काम नसलं तरी घेतात. गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसतात. मामी चिडून म्हणतात की या वयात माणसाला लाज कशी वाटत नाही, पण ओ देतात.

मागच्या महिन्यात मी गेलो तेव्हा मामी उमरग्याकडं माहेरी गेल्या होत्या, भावाची तब्येत बरी नव्हती म्हणून. लाईट नव्हती. मामा शेडमध्ये पिठानं पांढरे होऊन एकटेच बसले होते. मला बघताच उठले आणि आतल्या बाजूला तोंड करून हाक मारली, “शिवकांता, जावईबापू आल्यात, च्या टाक.” आतून काही उत्तर आलं नाही. ते तसेच दाराकडं बघत राहिले, मग ओशाळून खाली बसले. भिवयांवरचं पीठ पुसलं. मी म्हणालो, येतील दोन दिवसांत. त्यांनी मान हलवली.

“जावईबापू, सोपं हाय की ओ नाव,” ते म्हणाले. “इतकी वर्सं म्या उगंच घेतलं न्हाय.”

तेवढ्यात लाईट आली. मामा उठले, पट्टा चाचपून बघितला आणि कोपऱ्यातलं कुणाचं तरी राहिलेलं दळण त्यांनी गिरणीत घातलं.